उगमाचा रकाना

सोलापूर रोड सोलापूरला जातो, सातारा रोड साताऱ्याला जातो आणि नगर रोडने निघालेला माणूस नशीब असेल तर नगरला पोचतो. पुण्यातल्या रस्त्यांच्या नावांबद्दल खात्रीने सांगता येईल असं एवढंच. बाकी सगळं ‘असं म्हणतात’. हे मी अधिकाराने सांगते, कारण त्यातलं थोडं ‘असं म्हणतात’ मी स्वतः लिहिलेलं आहे.

ज्या कचेरीत मी नोकरी केली तिचं नाव सांगत नाही. पेन्शन तिथूनच येते. शेवटची सात वर्षं माझ्याकडे रस्त्यांच्या नावांचं टेबल होतं. ते कुणालाच नको असायचं. पाणीपट्टीच्या टेबलावर माणसं भांडायला येतात, पण भांडून घरी जातात. नावांच्या टेबलावर आलेला माणूस बसतोच. त्याच्या मांडीवर कॅरीबॅग असते आणि कॅरीबॅगेत वडिलांचा फोटो असतो.

अर्जात ‘कार्य’ म्हणून एक रकाना होता. वडिलांनी असं काय केलं की त्यांचं नाव चौकाला द्यावं, ते तिथे लिहायचं. लोक लिहायचे, ‘अत्यंत मनमिळाऊ.’ लिहायचे, ‘पहाटे उठत.’ एकाने लिहिलं होतं, ‘आयुष्यात कुणाला उलट बोलले नाहीत.’ पुण्यात राहून हे जमलं असेल तर चौक द्यायला माझी ना नव्हती. पण चौकशी केली तर गृहस्थ मूळचे सांगलीचे निघाले.

अशात एक दिवस वरून पत्र आलं. इंग्रजांच्या वेळची नावं शोधा, ती कशावरून पडली ते लिहा, आणि बदलण्याचा प्रस्ताव पाठवा. सोबत एक तक्ता होता. पहिला रकाना जुनं नाव, दुसरा नावाचा उगम, तिसरा प्रस्तावित नाव. तिसरा रकाना भरायला सगळी पुढारी मंडळी तयार होती. पहिला आमच्या दप्तरात होता. दुसरा माझ्या गळ्यात आला.

पेठांचं सोपं होतं. बुधवारी बाजार भरायचा ती बुधवार पेठ, संपलं. पण पेठा बदलायच्या नव्हत्या. कॅम्पात इंग्रजांनीही फारसं डोकं चालवलेलं नव्हतं. पूर्वेकडची ती ईस्ट स्ट्रीट, मधली ती सेंटर स्ट्रीट. घोळ होता तो साहेबांच्या नावाच्या रस्त्यांचा. ज्याच्या नावाने रस्ता तो कुणी मोठा लाटसाहेब असणार, अशी आपली समजूत. जुने कागद उघडले तर एक साहेब गटारांचा निघाला. एकाकडे पलटणीचे बैल होते. तिसऱ्याने कोपऱ्यावर बंगला बांधला होता आणि टांगेवाल्यांना सांगायला सोपं म्हणून त्याचं नाव रस्त्याला चिकटलं. शंभरेक वर्षं आपण त्या माणसाच्या नावाने रिक्षा थांबवत आलो आणि त्याने केलं काय, तर तिथे राहिला.

खडकीच्या बाजूच्या एका गल्लीचा साहेब मात्र अजिबात सापडेना. वहीत गल्लीला त्याचं नाव होतं आणि त्यापुढे काही नव्हतं. बैल नाही, बंगला नाही, गटारही नाही. म्हणून मी एक दिवस बस पकडून गल्ली बघायला गेले.

गल्ली लहानशी. दोन्ही बाजूंना मिळून दहाबारा दारं, बहुतेक दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची. जुनी बैठी घरं जाऊन तीन-तीन मजल्यांच्या बिल्डिंगा झाल्या होत्या. मी दारावरच्या पाट्या वाचत चालले. ‘पत्ता विचारू नये.’ पुढच्या दारावर, ‘बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.’ त्यापुढे, ‘दुपारी एक ते चार कुणीही येऊ नये. नातेवाईकांनीही.’ दुपारचे दोन वाजले होते. मी साहेबाबद्दल कुणालाही न विचारता परत आले आणि उगमाच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहिलं.

प्रस्तावित नाव मात्र अज्ञात नव्हतं. तिथल्या एका पुढाऱ्याचे दिवंगत वडील. त्यांचा गल्लीशी संबंध काय, तर एका वर्षी मंडळाच्या गणपतीच्या आरतीला आले होते. तबक त्यांच्या हातात असल्याचा फोटो अर्जाला जोडलेला होता. नियमाप्रमाणे हरकती मागवणारी जाहीर नोटीस लागली, तीस दिवसांची.

एकोणतिसाव्या दिवशी एक म्हातारी आली. सत्तरीच्या पुढची, काटक, हातात कापडी पिशवी. तिच्याकडे फोटो नव्हता तेव्हाच मला हायसं वाटलं. त्याच गल्लीत तळमजल्यावर राहत होती. माहेर अकोल्याकडचं, लग्न होऊन खडकीला आलेली. नवरा कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. इतकी वर्षं पुण्यात काढून बाईची बोली मात्र जशीच्या तशी होती.

“मॅडम, गल्लीचं नाव नका बदलू.”

“का हो मावशी? कोण लागतो तो साहेब तुमचा?” आमच्याकडे असंच बोलतात. वाईट हेतू नसतो.

“साहेब गेला चुलीत,” ती म्हणाली. “माह्या पोराले हाच पत्ता मालूम हाये.”

“मग मुलाला नवा कळवा.”

“कुठं कळवू? तो कुठं हाये तेच तं मालूम नाई.”

मग तिने सांगितलं. एकुलता मुलगा. बापाने कारखान्यातल्या भरतीचा फॉर्म तीनदा आणून दिला, पोराने तीनदा भरला नाही. तिसऱ्यांदा बाप म्हणाला, मग राहू नको माझ्या घरात. पोरगा राहिला नाही. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पोलिसांत जाऊन झालं, नातेवाइकांकडे फिरून झालं, नवससायास झाले. चार वर्षांनी एक कार्ड आलं.

ते कार्ड तिने पिशवीतून काढलं. प्लॅस्टिकच्या पाकिटात होतं. दोन ओळी होत्या. मी बरा आहे. काळजी करू नका. स्वतःचा पत्ता नव्हता. आईबापाचा मात्र खोली नंबर, गल्लीचं नाव, पिनकोड, सगळं सुवाच्य अक्षरात. टपालाचा शिक्का पुसट होता. मी चष्मा लावून बघितला, काढून बघितला, खिडकीशी नेऊन बघितला. ती माझ्याकडे बघत होती. तिने तो किती जणांना दाखवला असेल ते मला तिच्या बघण्यावरून कळलं. मी कार्ड परत दिलं.

“नाव बदललं तरी पोस्टमनला कळतं हो,” मी म्हटलं.

“पोस्टमनले समजन. पन तो सोताच आला तं?” ती म्हणाली. “गल्लीत त्याच्या टायमाचं काय राह्यलं सांगा. चिंच तोडली. गिरनी गेली. आमचं घर बिल्डरनं पाडलं, मले खाली एक खोली-किचन देल्लं. त्याच्या वळखीचं एकबी दार नाई आता. पाटी वाचूनच वळन ना तो.”

मी हरकतीचा फॉर्म काढला. कारणाच्या जागी तीन चौकोन होते: ऐतिहासिक, धार्मिक, वाहतूक. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आमचे साहेब, म्हणजे इंग्रज नव्हे, सदाशिव पेठेतले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अहो बाई, हरकतीला कारण लागतं. मुलगा हे कारण नाही. तीन चौकोन दिलेत, त्यातला एक निवडायला सांगा.”

इथे मी शहाणपणा केला. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मला वाटलं, हे पुणं आहे. इथे आईबिईचं कुणी ऐकणार नाही, पण इतिहास म्हटलं की दहा माणसं खुर्चीत ताठ बसतात. मी म्हातारीला चहा पाजला, ‘ऐतिहासिक’वर खूण केली, फॉर्मच्या खाली तिची सही घेतली आणि ती गेल्यावर वरची जागा भरली. ‘सदर साहेबाने दुष्काळात कामगारांसाठी स्वखर्चाने या गल्लीत विहीर खोदून दिली असे स्थानिक वृद्ध सांगतात. कृतज्ञता म्हणून लोकांनीच गल्लीस त्यांचे नाव दिले.’ ‘स्थानिक वृद्ध सांगतात’ हे सरकारी लिखाणातलं फार सोयीचं वाक्य. त्याला पुरावा लागत नाही आणि वृद्धही लागत नाहीत. उगमाच्या रकान्यातलं ‘अज्ञात’ खोडून तिथेही विहीर टाकली.

सुनावणीच्या दिवशी समितीचे अध्यक्ष, दोन सभासद, आमचे साहेब, टिपणं घ्यायला मी, आणि मागच्या रांगेत म्हातारी. ती नवीन पातळ नेसून आली होती. पुढारी आले नव्हते, त्यांची गरज नव्हती. आणि एक गृहस्थ आले होते. निवृत्त, खांद्याला शबनम, शहरातला प्रत्येक दगड व्यक्तिशः ओळखणारे. जाहीर कागदात कुठेही इतिहास हा शब्द आला की हे दुपारपर्यंत हजर. त्यांचं हे वैशिष्ट्य मला कितीतरी वर्षं माहीत होतं. फॉर्म भरताना नेमकं आठवलं नाही.

त्यांनी फॉर्मवरचं माझं टिपण मोठ्याने वाचलं. मग चष्मा कपाळावर चढवला.

“विहीर,” ते म्हणाले. “कोणत्या दुष्काळात? जुन्या नकाशावर या गल्लीत विहीर दाखवलेली नाही. नकाशा मी आणलेला आहे.”

नकाशा टेबलावर पसरला. एक सभासद म्हणाले, बुजवली असेल. गृहस्थ म्हणाले, बुजवलेली विहीरसुद्धा नकाशावर असते. दुसरे म्हणाले, नकाशा इंग्रजांनी काढलेला, त्यावर किती विश्वास ठेवायचा? गृहस्थ म्हणाले, विहीरही इंग्रजानेच खोदली म्हणताय ना? अर्धा तास हे चाललं. खेळीमेळीने चाललं. नाव बदलायचं की नाही हे कुणाच्याच डोक्यात राहिलं नव्हतं.

शेवटी गृहस्थ म्हणाले, “बरं, ‘स्थानिक वृद्ध सांगतात’ असं लिहिलंय. कोणते वृद्ध?”

खोलीतल्या सगळ्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. अध्यक्ष अदबीने म्हणाले, “आजी, आपण सांगा. आपल्या गल्लीत विहीर होती?”

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. ही विहीर मी तिच्याच सहीच्या वर लिहिलीय, हे तिला ठाऊकच नव्हतं. मी तिला सांगितलं नव्हतं, कारण मला वाटलं होतं की गरज नाही.

“इहीर?” ती म्हणाली. “नाई बाप्पा. नळ होता. तोबी एक दिवसाआड.”

हरकत फेटाळली. कारण: ऐतिहासिक पुराव्याचा अभाव. गृहस्थांनी नकाशाची गुंडाळी केली आणि ते समाधानाने पाणी प्यायले. ठरावावर सह्या झाल्या.

लोक उठत होते तेव्हा म्हातारी अध्यक्षांपाशी गेली. पिशवीतून ते पाकीट काढलं आणि मला सांगितलं होतं ते सगळं त्यांना सांगितलं. फॉर्म, तीन वेळा, चिंच, गिरणी. अध्यक्षांनी ते कार्ड दोन्ही हातांत धरून वाचलं. मग ते माझ्याकडे वळले.

“अहो, हे आधी नाही का सांगायचं? नव्या पाटीखाली कंसात जुनं नाव ठेवलं असतं की. किती ठिकाणी ठेवतो आपण. विहीर कशाला मधे आणलीत?” मी टिपणांची वही मिटली. ते म्हणाले, “आता सह्या झाल्या. मंजूर ठराव मला उघडता येत नाही.”

मला लाज वाटली. साध्या भाषेत सांगायचं तर मी रडले, आणि जिन्यात रडले, कारण माझ्या टेबलापाशी दोघं जण फोटो घेऊन बसले होते. बाईने मला खरं सांगितलं होतं. ते कागदावर लिहिलं असतं तर निभावलं असतं. पण ते मला पुरेसं वाटलं नाही. मला पुण्याची माणसं कळतात हा माझा गर्व, आणि त्याची भरपाई तिने करायची.

पुढच्या महिन्यात नारळ फुटला आणि नवी निळी पाटी लागली. जुनी कुठे गेली म्हणून म्हातारी विचारायला आली. मी भांडारात गेले. तिथले कारकून म्हणाले, पाटी सरकारी मालमत्ता, मोडीत काढल्याशिवाय देता येत नाही. मी म्हटलं, मग काढा मोडीत. ते म्हणाले, मोडीत काढली की ती तोडतात. हे सांगताना त्यांना काहीही विचित्र वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर महिन्याभरापूर्वी मलाही वाटलं नसतं.

मग एका रविवारी मी तिच्या घरी गेले. माफी मागायला गेले होते. वारज्याच्या माझ्या घरून निघाल्यापासून वाक्यं जुळवत होते. तिने दार उघडलं, मला बसवलं, माझं वाक्य अर्धं ऐकलं आणि म्हणाली, “जाऊ द्या बाई. तुमी चांगल्यासाठीच केलं. इहीर मात्र काऊन सुचली तुमाले?” आणि हसायला लागली. मलाही हसू आलं आणि पाठोपाठ पुन्हा रडू. तिने चहा टाकला.

चहा पिताना ती म्हणाली, “तुमचं अक्षर चांगलं हाये. मले एक पाटी लिहून द्या. माह्या दारावर लावते. माह्या दाराले तं ठराव लागत नाई ना?”

दाराला ठराव लागत नाही. तिचं दार थेट गल्लीत उघडत होतं, ही एक सोय बिल्डरकडून चुकून झालेली. मी पर्समधून कागद काढला आणि मसुदा केला. हात आपोआप चालला. ‘सूचना. या गल्लीचे जुने नाव,’ मग साहेबाचं नाव, मग ‘पत्ता हवा असल्यास बेल एकदाच वाजवावी. दुपारी एक ते चार वाजवू नये.’ मी वाचून दाखवलं.

“दुपारी काऊन नाई?”

“अहो, झोपायची वेळ ती.”

“अन् तो दुपारीच आला तं?”

मी ते खोडलं.

“अन् एकदाच काऊन? एकदा वाजवून कोनी नाई आलं तं तो जाईन परत. माहा पोरगा हाये तो. एकदाच इचारते कोनतीबी गोष्ट. बापावर गेला.” तिने कप खाली ठेवला. “तो निंगाला तेव्हा मी बी उठली नाई, थांब म्हनली नाई. वाटलं, येते तो संध्याकाळपरेंत.”

मी तेही खोडलं. ‘सूचना’ हा शब्दही खोडला. आमच्या कचेरीच्या पाट्या रंगवायचा त्या पेंटरकडून पाटी करून घेतली. त्याने मजकूर दोनदा वाचला आणि विचारलं, “मॅडम, हे पुण्यातच लावायचंय ना?” पाटी अशी झाली: वर जुनं नाव, मोठ्या अक्षरात. खाली, ‘गल्ली हीच. पत्ता विचारा. बेल कितीही वेळा वाजवा. दुपारीसुद्धा.’

शेजाऱ्यांच्या ‘पत्ता विचारू नये’च्या बरोबर समोर ती लागली. कुणीतरी तिचा फोटो काढला आणि तो मोबाईलवर फिरला. लोकांनी हसायची चित्रं टाकली. एकाने लिहिलं, ही बाई नक्की बाहेरची असणार. मला संताप आला. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, “फिरू द्या. त्याच्याबी मोबाईलवर जाईन.”

मी निवृत्त झाले त्याला आता तीन वर्षं झाली. माझी विहीर टिकून आहे. त्या गृहस्थांनी तिच्याविरुद्ध भलामोठा लेख लिहिला, तेव्हापासून ती छापील झाली. हल्ली रविवारी सकाळी शहराचा इतिहास दाखवत फिरवणारे लोक येतात. पाण्याच्या बाटल्या घेतलेल्या दहाबारा तरुणांना एका ड्रेनेजच्या झाकणापाशी उभं करून सांगतात की दयाळू साहेबाची विहीर इथे होती. मी एकदा मागे उभी राहून ऐकलं. सांगणारा मुलगा फार छान सांगत होता. दुष्काळाचं साल माझ्या टिपणात नव्हतं, तेही त्याने घातलं होतं.

मावशीकडे मी महिन्यातून एकदा जाते. तिच्या बेलला दिवसभर उसंत नसते. कुरिअरवाले वाजवतात, जेवणाचे डबे पोचवणारे वाजवतात, भाड्याने खोली शोधणारी आयटीतली पोरं वाजवतात. शेजाऱ्यांची पार्सलंही तीच घेते, कारण शेजारी एक ते चार दार उघडत नाहीत. गुडघे दुखतात म्हणते. मी म्हटलं, पाटी काढू या का? तर माझ्याकडे अशी बघायला लागली की मी विषय बदलला.

पाटी लागल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा मीही बेल वाजवली होती. दुपारचे तीन असतील. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला, भांडं असावं, आणि मग पावलं ऐकू आली. पळत येणारी. त्या वयाच्या, त्या गुडघ्यांच्या बाईने पळू नये अशी. दार धाडकन उघडलं. तिने आधी माझ्या डोक्याच्या वरून बघितलं, उंच माणसाचा चेहरा असतो तिथे. मग नजर खाली माझ्यावर आली आणि ती म्हणाली, “या बाई, या.” मनापासून म्हणाली.

तेव्हापासून मी तिच्याकडे बेल वाजवत नाही. गल्लीच्या तोंडाशी पोचले की तिथूनच ओरडते, “मावशी, मी आहे हो. मीच आहे.”